फाटकाच्या आत सासरा नाही

॥ श्री एकवीरा आई ॥

कोपरी, ठाणे
माघ वद्य पंचमी, शके १८१४

चिरंजीव बंधू काळुराम यास ठमाबायचा आशीर्वाद. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तू मोहन्याला तुळसाकडे खुशाल असशीलच. नसलास तरी ती मला कळवायची नाही, लेक तुझीच.

हे पत्र तू स्वतः वाच. मुकादमीत गिरणीची हजेरी वाचून वाचून तुला बाळबोध येतं. जावयाला वाचायला देऊ नकोस. मधेमधे तुला बोल लावलेत, ते त्याने ऐकायचं कारण नाही. माझी विद्या किती ते तू जाणतोस. मिठाच्या चौकीवर शिपाई असताना आमच्या ह्यांनी गोणीवरची अक्षरं शिकवली, तेवढीच. मोडी येत नाही. जिथे काना-मात्रा चुकली असेल तिथे भातातला खडा काढतोस तसा बाजूला काढ आणि पुढे वाच.

उजवा हात चालत नाही म्हणून उत्तर नाही, असा तुळसाचा निरोप आला. डाव्या हाताने जेवतोस ना? मग त्याच हाताने एक ओळ खरड. वाकडी आली तर मी काय शाळेतला मास्तर आहे?

इकडची खबर अशी की यंदा मीठ लवकर धरलं. माझा नातू रघु दिवसभर मिठागरात, संध्याकाळी पांढरे पाय घेऊन येतो. शेळीला दोन करडं झाली, त्यातलं एक तुझ्यासारखं, कुणाच्या हाती लागत नाही. तुझ्या खोलीला मी कुलूप लावलेलं नाही, नुसती कडी घातली आहे. आपली नातसून शालू बरी आहे. डोक्याची जखम सुकली. ते पुढे लिहीन.

आता गिरणीचं सांगते. तू दवाखान्यात जाण्याआधी जे नुसतं बोलणं चाललं होतं ते झालं. नव्या कायद्याचा तपासणी साहेब आला होता. यंत्रं फिरवणाऱ्या प्रत्येक पट्ट्याभोवती लाकडी कठडा बसला, चांगला छातीइतका. सूत गुंडाळायच्या आमच्या खात्यात वरच्या खिडक्या मेणाने चिकटवल्यासारख्या बंद होत्या, त्या उघडल्या. कापसाची पिंज आता बाहेर जाते, सगळी आमच्या छातीत उतरत नाही. दुपारची सुट्टी पुरी मिळते. अंधार पडायच्या आत बायका फाटकाबाहेर असतात. मी घरी येऊन चूल पेटवते तेव्हा अजून उजेड असतो. पहिल्या दिवशी मला वाटलं की काहीतरी विसरून आले.

साहेबाने हरिहरपंत कारकुनाला मधे घालून मला विचारलं, "म्हातारे, आता भीती नाही ना?"

मी म्हटलं, "कठडा चांगला आहे. पण साहेब, कठडा जाग्यावर उभा राहतो. बाईचा पदर उडतो."

हरिहरपंतांनी ते इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे. साहेब हसला नाही. पट्ट्याकडे बघून म्हणाला, "लाकडाचं आणि लोखंडाचं आम्ही करू. पदराला सरकारचा कायदा लागत नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

माणूस बरा वाटला. जे आपल्या हातात नाही ते नाही म्हणाला.

मग आमचं आम्ही बघितलं. दुपारच्या सुट्टीत भाकरी सोडल्या तेव्हा मी सगळ्यांना म्हटलं, बायांनो, मिठागरात आपण काय करतो? गुडघ्याच्या वर काष्टा, पदर कमरेला आवळलेला, डोक्याला फडकं. वारा कितीही सुटो, अंगावरचं एक टोक हलत नाही. आणि गिरणीत यायला लागलो तशी शहरातल्या बायका बघून घोट्यापर्यंत लुगडी सोडली आणि हातभर पदर मोकळा ठेवला. कुणासाठी? साच्यासाठी? ते यंत्र काय आपल्याला बघायला आलंय?

मालन म्हणाली, "ठमाबाय, लुगडं वर घेऊ. पण मुकादममामा आले की पदर तर घ्यावाच लागंल ना डोक्यावर? मोठं माणूस हाय. उघड्या डोक्याने उभी राहिली तर सासू चुलीत घालंल मला."

"चुलीत घातलं तर शेकून तरी निघशील," मी म्हटलं. "शालूचं बघितलंस ना?"

मग कुणी भाकरीला हात लावला नाही. तेव्हा मी म्हटलं, आजपासून फाटकाच्या आत सासरा नाही, दीर नाही, मामा नाही. फाटकाच्या बाहेर पाऊल टाकलं की सगळे आहेत, त्यांचा मान आहे, पदर आहे. आत असेपर्यंत हात सुतावर आणि डोळे साच्यावर. कुणीही येवो, वळायचं नाही.

मालनने विचारलं, "देव आला तर?"

"देवाला थांबायला सांग. त्याला वेळ असतो."

अशी हसली सगळी! पण दुसऱ्या दिवशी खात्यात एक पदर मोकळा नव्हता. काळ्या, तुला काय सांगू, पहाटे फाटकातून आत शिरताना एकेकीने पदर खोचला, फडकं बांधलं, जशा बाया भरतीच्या आधी मिठागराचा बांध घालायला निघतात तशा. मला वाटलं, ह्या माझ्याच सगळ्या लेकी. माझं असं वाटणं तू चावडीवर सांगू नकोस.

बाकी विशेष नाही. जोमा पाटलाने होळीच्या आदल्या दिवशी गावकी बोलावली आहे. ती दर वर्षीच बोलावतो.

सुकट पाठवते आहे, तुळसाला सांग उन्हात पुन्हा एकदा टाक. तिच्या दिराबरोबर हे सगळं देते आहे. तो होडीने कल्याणला निघालाय आणि दारात उभा राहून पाय आपटतोय, पण मी लिहीन तेवढं लिहीन.

गावकीचं लिहिलं ते अर्धंच लिहिलं. यंदा ती आमच्यासाठी बसते आहे. जोमाचं म्हणणं की ठमाबायने गावच्या सुनांना बेलाज केलं, मुकादमासारख्या वडील माणसाचा भर गिरणीत अपमान झाला, आणि तो बिचारा तोंड लपवून लेकीच्या दारी जाऊन बसला. आमचं घर वाळीत टाकायचं, आणि ज्या घरची सून उघड्या डोक्याने साच्यावर उभी राहील त्या घरालाही. होळीच्या विस्तवाला हात लावू द्यायचा नाही, कुणी मेलं तर खांदा द्यायचा नाही. मला वाळीत टाकलं तर मी माझी भाकरी खाईन आणि जोमाच्या नावाने बोटं मोडीन. पण मालनच्या सासूने कालच तिला सांगितलं, पदर घ्यायचा नाहीतर माहेरी जायचं. चार घरांत हेच चाललंय. उद्या एकीने पदर सोडला की परवा सगळ्या सोडतील. कठडा छातीइतका आहे, काळ्या. डोकं त्याच्या वर असतं.

जोमा म्हणाला, "मुकादमाने स्वतः येऊन सांगितलं की माझा अपमान झाला नाय, तर आमचं काय म्हणणं नाय." मी म्हटलं, त्याला कशाला त्रास. तेव्हा तू ये असं मी म्हणत नाही. नुसतं काय चाललंय ते कळवलं.

तू दवाखान्यातून सुटलास त्या दिवशी खात्यात आला होतास, असं मला मागाहून पहारेकऱ्याने सांगितलं. साच्यांच्या आवाजात आम्हाला कळलं नाही.

हे खोटं लिहिलं. खोडलं तर शाई सांडेल म्हणून राहू दे.

मला कळलं होतं. तुझी चाल मी तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते, डावं पाऊल घासतं. तू दारात उभा राहिलास. आदल्याच दिवशी आम्ही तो नेम केला होता. अख्ख्या खात्यातली एक बाई वळली नाही, एकीचा हात डोक्याकडे गेला नाही. आणि माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू! मला वाटलं, बघ काळ्या, बघ, आता ह्यांच्यातली एकही पट्ट्यात जायची नाही. मीही वळले नाही. मग पाऊल घासत परत गेलं. भोंगा झाल्यावर तुला शोधलं तर तू गाडीत बसून गेला होतास.

तुला काय वाटलं ते मला आता कळतंय. ज्यांना तू गावातून एकेक करून गिरणीत आणलंस, ज्या तुला मामा म्हणतात, त्यांनी तुझ्याकडे पाठ केली. तुझ्यामुळे शालूचं झालं असं त्या समजतात, म्हणून.

गाढवा, तुझ्यामुळे नाही झालं. तू आत आलास, ती दोन्ही हात गुंतलेले असताना पदर घ्यायला वळली, आणि पट्ट्याने पदर घेतला. तू नसतास तर दुसरं कुणी वडील माणूस आलं असतं. हे मी तुला एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नकोस.

आणि बाकीचं तू कुणाला सांगितलं नाहीस, म्हणून मीही गप्प बसले. पण मी तिथे होते, बघितलं. बाकीच्या बाया डोळे झाकून ओरडत होत्या. तू धावलास आणि उघड्या हाताने पट्टा चाकावरून ढकललास. बोटं गेली तेव्हा तुझ्या तोंडातून आवाज आला नाही. पोर खाली पडली होती, एका बाजूचे केस सालीसकट गेलेले, लुगडं पट्ट्याबरोबर वर निघून गेलेलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. डाव्या हाताने डोक्यावरचं मुंडासं सोडलंस आणि मागे न बघता तिच्या अंगावर टाकलंस. दवाखान्याची डोली येईपर्यंत तू तसाच भिंतीकडे तोंड करून उभा होतास, उघड्या डोक्याने, हातातून रक्त गळतंय, समोर सगळं खातं.

आपल्यात पुरुष डोकं कधी उघडं करतो ते मी तुला सांगायला नको. बाप गेला तेव्हा केलं होतंस.

मुंडासं मी धुतलं. एका टोकाचा डाग जात नाही. सोबत धाडते आहे. घाल किंवा नको घालू.

गावकी मरीआईच्या देवळापुढे बसेल, दुपारी. तुळसाचा दीर आता शिव्या द्यायला लागला.

तुझी बहीण,
ठमाबाय


कोपरी, ठाणे
फाल्गुन वद्य तृतीया, शके १८१४

चिरंजीव काळुराम यास अनेक आशीर्वाद, आणि तेवढ्याच शिव्या.

आलास तो आलास, बोललास आणि पाठ फिरवून चालू लागलास. बहिणीच्या घरचं पाणी नाही, होळीची पोळी नाही. गाडी काय तुझ्या बापाची होती की तुझ्यावाचून सुटली नसती? म्हणून तू गेल्यानंतर काय झालं ते लिहून कळवावं लागतंय.

आधी तू काय केलंस ते लिहिते. तू म्हणशील मला ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही. तू बोलत होतास तेव्हा तुझं लक्ष जमिनीकडे होतं. बघत आम्ही होतो.

तू उघड्या डोक्याने आलास. मुंडासं काखेत. बायका देवळाच्या आडोशाला होत्या, त्यांच्यात कुजबुज झाली, मामांकडे कोण मेलं? मलाही वाटलं, तुळसाकडे काही झालं का.

जोमा म्हणाला, "मुकादम, बसा. गिरणीत बायांनी तुमचा अपमान केला का, एवढं सांगा."

तू म्हणालास, "अपमान झाला."

खोटं कशाला लिहू. मनात म्हटलं, ठमे, एवढं लिहिलंस ते वाया गेलं.

मग तू म्हणालास, "बायांनी नाय केला. पट्ट्याने केला. माझ्या डोळ्यादेखत माझी नातसून नागवी केली, अर्धं डोकं सोललं. ती कशाला वळली होती? माझा मान ठेवायला. असला मान मला नको. मी मेल्यावर द्या."

त्या जोमाचा हुक्का विझला तरी तो ओढत होता.

तू मुंडासं सोडून गावकीच्या पुढे जमिनीवर पसरलंस, डाग वर करून. "उघड्या डोक्याची लाज ज्याला वाटते त्याने आधी माझं डोकं बघावं. गिरणीत पहिलं उघडं झालं ते हे. आणि बायांनी पदर घ्यावाच असं ज्याचं म्हणणं हाय, त्याने हे उचलून आपल्या डोक्याला बांधावं आणि एक दिवस पट्ट्याजवळ उभं राहून दाखवावं."

आणि निघालास. मुंडासं तसंच टाकून! चांगलं कापड!

आता पुढचं ऐक. तू वळणावर दिसेनासा झालास तरी कुणी उठेना. त्या मुंडाशाला कुणी हात लावेना, त्याच्यावरून कुणी पाय टाकेना. बायकांच्या बाजूने शालू पुढे आली. रघुने तिचा हात धरला तो तिने सोडवला. गावकीत बाई जात नाही, तिला कुणी सांगितलं नसेल असं नाही. डोक्याला फडकं होतं ते तिने सगळ्यांसमोर सोडलं. एका बाजूला केस, दुसऱ्या बाजूला जखमेच्या काठाने नुकतंच उगवलेलं, भात रुजल्यावर बांधावर दिसतं तसं. जोमा पाटलापुढे उभी राहून म्हणाली, "पाटीलमामा, मी पुन्हा त्याच साच्यावर जानार हाय. पदर घेऊन जाऊ का तसाच जाऊ, तेवढं सांगा."

ही पोर लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, हिच्या तोंडात जीभ आहे की नाही. आता कळलं, आहे. कुणाच्या घरात नांदते!

जोमाने तिच्या डोक्याकडे बघितलं. मग उठला, खाली वाकून तुझं मुंडासं उचललं, झटकलं, घडी केली आणि माझ्याकडे आणून दिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. म्हणाला, "डागाला शिकेकाई लावून बघ." एवढंच. मग गावकीकडे वळून मोठ्याने म्हणाला, "गिरणीच्या फाटकाच्या आत गावकी नाय. बाहेर आल्यावर पदर घ्यायचा. ठरलं. उठा."

जणू त्यालाच सुचलं! मी तोंड उघडणार होते, पण मालनने माझ्या कमरेत कोपर मारलं. बरं केलं तिने. जिंकलेलं बोलून घालवायची मला खोड आहे.

आणि काल पहाटे फाटकाशी एक नवीन बाई उभी. कोण? जोमाची धाकटी सून गोदा. सासऱ्यानेच धाडली म्हणे. लुगडं घोट्यापर्यंत. मी तिथेच, पहारेकऱ्याला तोंड फिरवायला लावून, तिचा काष्टा वर मारला, पदर आवळला आणि म्हटलं, आता जा. आत तुझं कुणी नाही आणि सगळ्या तुझ्या आहेत.

शालू त्याच साच्यावर उभी राहिली. पहिल्यांदा पट्टा सुरू झाला तेव्हा तिने कमरेचा पदर एकदा चाचपला, मी बघितलं. मग हात सुतावर गेला. मी आपलं सूत गुंडाळत राहिले. ह्या हातांनी मी जन्मभर मीठ उपसलं, पोरं वाढवली, नवऱ्याला शेवटचं पाणी दिलं, पण असं काही उभं केलं नव्हतं. आम्ही केलं. त्यात तूही आलास, म्हणून लिहिते.

गिरणीच्या साहेबाने हरिहरपंतांकडून विचारलंय, काळुराम परत येतो का. बोटं नसली तरी मुकादमाला बोटं लागत नाहीत, डोळे लागतात, असं तो म्हणाला. तू म्हणशील, कोणत्या तोंडाने जाऊ. ज्या तोंडाने भिंतीकडे उभा होतास त्याच तोंडाने ये.

मुंडासं या खेपेला पाठवत नाही. शिकेकाईने अर्धा डाग गेला, अर्धा राहिला. तो राहू दे. एका हाताने तुला बांधता यायचं नाही. पहिल्यांदा तुला मुंडासं मीच बांधलं होतं, आणि तू मान हलवत होतास म्हणून थोबाडीत दिली होती. आता हलवू नकोस म्हणजे झालं. कडी घातलेली आहे, कुलूप नाही.

एक सांगून ठेवते, पुन्हा रुसून जायला नको. तू खात्यात येशील तेव्हा एकही बाई वळणार नाही, पदर घेणार नाही, मान वर करून बघणार नाही. शालू नाही, मालन नाही, जोमाची गोदाही नाही. त्याहून मोठा मान ह्या गावात कुणी कुणाला दिलेला नाही, हे दारात उभं राहून नीट बघ, आणि मग आत ये. मीही वळायची नाही. पण तुझं डावं पाऊल घासलं की मला कळेल.

तुझ्याकडे पाठ करून उभी असलेली,
तुझी ठमाबाय